दाताच्या रंगाचं सिमेंट

एसटीने अचानक ब्रेक मारला, समोरच्या सीटच्या दांडीवर माझं तोंड आपटलं आणि वरच्या दोन दातांचे कोपरे उडाले. त्याला बरेच महिने झाले होते. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला. नवरा सैन्यात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. कामावरून सुटले की घर आणि घरातून सुटले की काम, यात दवाखाना राहूनच जायचा. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची, म्हणून कोमट प्यायचे.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी शेजारणीला घरी बसवून गेले. डॉक्टरीण बाईंनी दातांच्या रंगाची पट्टी माझ्या दाताशी धरली.

"चहा फार होतो का?"

"शिफ्टला चहाशिवाय उभं राहवत नाही," मी म्हटलं.

"मग पांढरंशुभ्र नको. तुमच्या दातांसारखंच जरा पिवळसर भरू. कळणारसुद्धा नाही."

त्यांनी थोडं थोडं सिमेंट लावलं, निळा उजेड मारला, पुन्हा लावलं. लोकांना त्या खुर्चीची भीती वाटते. मला मात्र कितीतरी दिवसांनी कुणीतरी आडवं व्हायला सांगितलं होतं. तोंड उघडं ठेवून मी चक्क झोपले. बाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा जाग आली. आरशात पाहिलं, तर दात पहिल्यासारखे. आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं, अजून थोडं झोपू दिलं असतं तर.

संध्याकाळी सासूबाईंना भात भरवताना त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"दात नीट करून आलीस व्हय गं?"

"व्हय आत्या."

"माजा बी एक बगतील का? तुटलाय. जिभंला लय लागतोय."

मी ताट खाली ठेवलं. बॅटरी लावून बघितलं. दाढेची कड पात्यासारखी झाली होती आणि जिभेवर त्याच जागी पांढरा व्रण. त्यांचं जेवण घटलं होतं, ते भूक मेल्यामुळे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"आवं आत्या, सांगायचं न्हाई व्हय?"

"तू दमून येतीस. त्यात आनि ह्ये कुटं सांगू?"

मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी थकले होते. नुसती त्यांच्या पायाशी बसून राहिले.

पुढच्या सुट्टीला शेजारणीच्या मदतीने त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं आणि रिक्षात बसवलं. बाईंनी दाढेची कड घासली, खड्डा भरला. परत येताना सासूबाई जीभ फिरवून फिरवून बघत होत्या. आठवड्याभरात व्रण भरून आला. एके दिवशी दुपारी त्यांनी आपल्या हाताने अर्धी भाकरी आणि भेंडीची भाजी खाल्ली आणि आणखी मागितली. मी वाढली, डबा भरला आणि दुसऱ्या पाळीची बस गाठायला निघाले.