इनायतच्या तारांवरच्या गाठी

बल्लारपूरच्या बसस्टँडमागे इनायतचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. त्याने जोडलेल्या प्रत्येक तारेच्या टोकाला पांढरा दोरा गुंडाळलेला असे, त्याला बारीक गाठी मारलेल्या. गिऱ्हाइकांना वाटे, दर्ग्यातला दोरा असेल, गाडीला नजर लागू नये म्हणून. इनायत कोणाची समजूत दुरुस्त करत नसे.

खरी गोष्ट त्याच्या बायकोलाच, खातूनलाच माहीत होती. इनायतला लाल आणि हिरवा रंग सारखाच दिसे. खातून घरी कपडे शिवायची. तो नव्या तारा घेऊन यायचा आणि ती शिलाईच्या दोऱ्याने खूण करून द्यायची. एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवी.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात देवराव त्याच्याकडे आला. देवराव खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. भंगारातलं फियाटचं इंजिन आणि लोखंडी पाइप जोडून त्याने शर्यतीची गाडी बनवली होती. नागपूरला एका मैदानावर शर्यत होती. जुना डायनामो काढून त्याने अल्टरनेटर आणला होता. बॅटरी चांगली चार्ज होते म्हणून.

"इनायतभाऊ, हे तुमीच जोडून द्या. माह्या हातचं काम नाई हे," तो म्हणाला.

इनायतने मन लावून काम केलं. पाइपांच्या आतून तारा ओढल्या, टोकं मोकळी ठेवली. जोडणी तेवढी उद्यावर ठेवून तो घरी गेला.

सकाळी इनायत येण्याआधीच देवराव दुकानाबाहेर उभ्या असलेल्या गाडीपाशी आला होता. त्याच्या बापाने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात गंडादोरा शिरला नव्हता. तारांवरचे दोरे पाहून त्याने ब्लेड घेतलं आणि सगळे कापून टाकले.

"राग मानू नका भाऊ," इनायत आल्यावर तो म्हणाला. "माह्या गाडीत असं काई नको."

इनायत खाली वाकला. देवराव अल्टरनेटरचा रेग्युलेटर धरून उभा होता.

"लाल द्या."

इनायतने तार पुढे केली.

"ही हिरवी आहे, भाऊ."

इनायतने दुसरी दिली. तीही हिरवीच होती. मग त्याने पक्कड खाली ठेवली आणि हात पुसत बसला.

"मले रंग दिसत नाई, देवराव. ते दोरे त्याच्यासाठी होते. खातून बांधून देते."

देवराव कापलेल्या दोऱ्यांकडे पाहत राहिला. "काऊन नाई सांगितलं?"

"असं सांगतलं तर माह्याकडं गाडी कोण आणन?"

रंग त्यालाही सांगता आले असते, पण कापलेल्या गाठी खातूनच्या होत्या. त्याने रेग्युलेटर खाली ठेवला, स्कूटर काढली आणि इनायतच्या घरी गेला. खातूनने ऐकून घेतलं, शिलाई तशीच ठेवली आणि मागे बसून आली. दुकानात ती कधीच आलेली नव्हती. उलट्या खोक्यावर बसून तिने एकेक तार पाहिली.

"ही लाल. ही हिरवी. ही पिवळी, मळली आहे नुसती."

ती सांगत गेली, इनायत जोडत गेला. देवराव बाजूला टेप फाडून देत होता. इंजिन सुरू केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझला आणि मीटरचा काटा चार्जकडे सरकला. देवराव हसला, पण पुन्हा गंभीर झाला.

"भाभी, माफ करा. इचारल्याशिवाय हात लावला मी."

"माणसाले कसं कळन? आमीच कोणाले सांगतलं नाई," खातून म्हणाली.

नागपूरला देवरावचा क्लच मधेच बसला आणि गाडी ट्रकवर घालून परत आणावी लागली. तरी तो खूश होता. वायरिंग मात्र टिकली होती.

इनायतने मग काही लपवलं नाही. एक-दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, बाकीची राहिली. खातून दुपारी मशीन बंद करून दुकानात येऊ लागली. रंग सांगता सांगता तीही जोडणी शिकली. पुढे पुढे ऑटोवाले दारातूनच तिला हाक मारायचे, "भाभी, माह्या गाडीचा हॉर्न वाजून नाई राह्यला, पाहून द्या ना."