हे वाक्य इथे कशाला?

मुरलीधर खांबेट्यांची सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात गेली, त्यातली शेवटची अकरा वर्षं जयपुरात. निवृत्तीनंतर मिरजेला परतायचं ते राहूनच गेलं. प्रताप नगरात, घराजवळच्याच एका कोचिंग क्लासला तर्क शिकवणारा माणूस हवा होता, आणि अर्जातलं कारण कुठलं, मागणी कुठली नि नुसतं रडगाणं कुठलं, हे खांबेट्यांइतकं कुणाला कळणार? उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवून ते विचारत, "यह बात यहाँ क्यों कही गई?" ते वाक्य आधार आहे, निष्कर्ष आहे, की वाटेतली अडचण, हे ठरल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. पोरं त्यांना पाठीमागे 'क्यों सर' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

त्यांची बायको सुधाताई मोजकं बोलत. फाल्गुनात त्या म्हणाल्या, इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. खांबेट्यांनी दुसऱ्याच दिवशी शहरातल्या सी-स्कीम भागातून पाणी शुद्ध करायचं यंत्र आणून बसवलं. आठवड्याने त्या म्हणाल्या, मिरजेला प्रतिमा आता एकटीच असते. प्रतिमा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिने रोज फिरायला जावं, असं खांबेट्यांनी सुचवलं. मग प्रतिमाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या, असं त्या म्हणाल्या, तेव्हा भाडेकरू कसा पारखावा हे त्यांनी सविस्तर सांगितलं. शेवटी एकदा पोळी वाढताना सुधाताई म्हणाल्या, "तुमचं मन शिकवण्यात रमलंय." बायकोने कौतुक केलं म्हणून खांबेटे दोन पोळ्या जास्त जेवले.

पुढच्या तासाला उतारा हाताशी नव्हता. त्यांनी सुधाताईंची हीच चार वाक्यं हिंदीत करून फळ्यावर लिहिली आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. उत्तर त्यांच्या मते सोपं होतं: चार सुट्या गोष्टी, यात युक्तिवादच नाही. पोरं फसणार याची त्यांना खात्री होती.

चौमूंहून बसने येणारी सलोनी म्हणाली की पहिली तीन वाक्यं कारणं आहेत आणि रेघ मारलेलं वाक्य अडचण. बाईला बहिणीकडे जाऊन राहायचंय, पण नवरा हलणार नाही हे तिला ठाऊक आहे.

"निष्कर्ष कहाँ लिखा है?" खांबेट्यांनी विचारलं.

"लिखा नहीं है, सर. पति के लिए छोड़ा है."

खांबेट्यांनी उत्तर चूक ठरवलं. पाच मिनिटांनी बरोबर ठरवलं आणि तास लवकर सोडला.

घरात शिरताच चपला न काढता त्यांनी विचारलं, "सुधा, तुला मिरजेला जायचंय का?"

"बारा तारखेचं तिकीट आहे. परवा मोठी बॅग माळ्यावरून काढून दिलीत ना?"

दिली होती खरी, तीही पुसून. मग माझं तिकीट, असं त्यांनी विचारलं तेव्हा सुधाताई म्हणाल्या, तुमच्या मुलांची परीक्षा आहे. हे कारण होतं की टोमणा, ते खांबेट्यांना ठरवता येईना.

त्या गेल्या. यंत्राच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजू लागली. खाणारे एकटे खांबेटे. मे महिन्यात क्लासच्या मुलांची परीक्षा संपली आणि दोन दिवसांनी फोनवर सुधाताई म्हणाल्या, "इथे हापूस आलाय." या खेपेला खांबेटे गाफील राहिले नाहीत. सरळ आमंत्रण होतं. त्यांनी त्याच दिवशी तिकीट काढलं, क्लासला कळवलं आणि मिरजेच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अहो, न कळवता?" सुधाताई म्हणाल्या.

त्यांनी हापूसचं सांगितलं. आंबे आले होते म्हणून आलेत म्हटलं, त्यात दुसरं काही नव्हतं, असं सुधाताई म्हणाल्या. प्रतिमाने हसू दाबत खांबेट्यांची पिशवी मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

तिथे दोन खाटा होत्या. दुसरी कुणाची, असं खांबेट्यांनी विचारलं. प्रतिमा दुपारी लवंडते तिच्यावर, असं सांगून सुधाताई त्या खाटेवर कोरी चादर घालू लागल्या.