बाप असल्याचा पुरावा

बायकोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा आमची मुलगी जेमतेम दोन वर्षांची होती. दवाखाना उल्हासनगरला, घर बदलापूर गावात, आणि मी मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी पोरीला आईला भेटवायला घेऊन गेलो. परतायची वेळ झाली आणि तिने पलंगाची दांडी जी धरली ती सोडेचना. एकेक बोट सोडवावं लागलं. त्या झटापटीत तिची एक सँडल कुठे गेली ती गेलीच. एक पाय उघडा, अशीच तिला खांद्यावर टाकून मी बदलापूरची बस पकडली.

इथे आमच्या घराचं थोडं सांगायला हवं. मोठा भाऊ, वहिनी, त्यांचे दोन मुलगे, माझी आई आणि आम्ही, सगळे एकत्र राहायचो. भावाचे मुलगे त्याला बाबा म्हणायचे आणि मला काका. पोरगी त्यांच्यातच लोळत वाढली, त्यांचं ऐकून बोलायला शिकली. त्यामुळे तिचाही मी काका आणि माझा भाऊ तिचा बाबा. घरात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. कळायला लागलं की म्हणेल नीट, असं आई म्हणायची.

शिवाय पोरगी आईवर गेलेली, गोरीपान. मी काळा. नखांत कारखान्याचा निळा रंग बसलेला, कितीही घासला तरी न जाणारा. बायको दवाखान्यात गेल्यापासून दाढीही केली नव्हती.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पोरीचं एकच चाललं होतं, ‘आई पाहिजे, आईकडे चल.’ मी बिस्किटाचा पुडा फोडून एक तिच्या हातात दिलं. तेव्हा आमच्या भागात पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा जोरात होती. बिस्किटातून गुंगीचं औषध देतात म्हणे. माझ्या ते डोक्यातही आलं नाही. आपल्याच पोरीला बिस्किट देताना कशाला येईल?

समोरच्या सीटवर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पर्स. त्या मान वळवून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अहो, ही का रडतेय एवढी?”

“आई दवाखान्यात आहे तिची. सोडून निघालो, म्हणून.”

“तुम्ही कोण तिचे?”

“वडील.”

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग पोरीच्या गालांकडे. मग वाकून गोड आवाजात पोरीलाच विचारलं, “बाळा, हे कोण गं?”

पोरीने हुंदका गिळला आणि स्पष्ट सांगितलं, “काका.”

“आणि बाबा कुठेत तुझे?”

“बाबा घरी.”

बाईंचा आवाज क्षणात बदलला. “अहो कंडक्टर, गाडी थांबवा! हा माणूस खोटं बोलतोय. दुसऱ्याचं मूल घेऊन चाललाय!”

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. एकत्र कुटुंब, भावाची मुलं, सगळं सांगितलं. पण खरं सांगतो, आपली गोष्ट अशा वेळी आपल्यालाच खोटी वाटायला लागते. बाई म्हणाल्या, “आधी वडील म्हणालास, आता गोष्टी रचतोस?” मघाशी ‘अहो, तुम्ही’ होतं, आता एकदम ‘तू’. मागून कुणीतरी हिंदीत ओरडला, “अरे, बच्ची के एक पैर में चप्पल भी नहीं है, खींच के लाया है!” दुसरा म्हणाला, “बिस्किट बघा, बिस्किट!” एकाने पुडा माझ्या हातातून हिसकावून नाकाला लावला. आणि पाठीमागून एक हात आला तो सरळ माझ्या कॉलरला.

मला उलटून एक ठेवून देता आली असती. कारखान्यात पिंपं उचलणारा माणूस मी. पण दोन्ही हातांत पोरगी. ती आता भेदरून माझ्या गळ्याला मिठी मारून बसली होती. ती मिठी त्या अख्ख्या गाडीत एकालाही दिसली नाही!

अंबरनाथला आम्हाला खाली उतरवलं. बाई, कॉलर धरणारा, आणखी दोघं-चौघं, अशी वरात पोलीस चौकीपर्यंत गेली. रस्त्यातली दुकानदार मंडळी फळीवरून वाकून बघत होती. त्यात आमच्या कारखान्याचं कुणी नसावं, एवढीच मी मनातल्या मनात विनवणी करत होतो. चोरी केलेल्या माणसालाही इतकी शरम वाटत नसेल.

चौकीत एक वयस्क हवालदार चहा पीत बसले होते. त्यांनी बाईंचं ऐकलं, माझं ऐकलं आणि म्हणाले, “काय रं, पोर तुझंच कशावरून?”

काय सांगणार? खिशात कारखान्याचा पास होता. त्यावर माझं नाव, माझा फोटो. मी बाप आहे असं त्यावर कुठे लिहिलेलं? म्हटलं, “साहेब, उल्हासनगरला दवाखान्यात माणूस पाठवा. बायको आहे तिथे. नाहीतर बदलापूरला चला, गाव सांगेल.”

“ते करूच,” ते म्हणाले. “आधी पोरीला खाली सोड.”

मी तिला फरशीवर उभी केली. बाईंनी हात पसरले, “ये बाळा, माझ्याकडे ये.” पोरगी गेली नाही. मी हाक मारली, तर माझ्याकडेही आली नाही. टेबलावरच्या हवालदारांच्या टोपीकडे बघत उभी राहिली. बाई विजयाने म्हणाल्या, “बघा!”

मग पोरीने आधी बाईंकडे बघितलं, हवालदारांकडे बघितलं, आणि तुरुतुरु येऊन माझी पँट ओढली. हळूच, घाईच्या आवाजात म्हणाली, “काका, शू.”

हवालदार मोठ्याने हसले. “अरे जा, घेऊन जा बाहेर! बाई, परक्या माणसाला पोर असं सांगंल का? एवढ्या जणांत तिनं त्यालाच धरला. झालं समाधान?”

मी तिला बाहेर गटाराशी घेऊन गेलो. परत आलो तेव्हा कॉलर धरणारा पसार झाला होता, बाकीचेही पांगले होते. बाई मात्र पर्स काखेत मारून उभ्या होत्या. वाटलं, आता दोन शब्द बोलतील. बोलल्याही. “मुलीला बाबा म्हणायला शिकवायला नको का तुम्ही? चूक तुमचीच आहे.” आता पुन्हा ‘तुम्ही’. आणि तरातरा निघून गेल्या.

मी पोरीला पुन्हा खांद्यावर टाकलं आणि बदलापूरची दुसरी बस पकडली.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, “चांगलीच म्हणायची ती बाई. लोकाच्या पोरीची काळजी केली.” दवाखान्यात बायकोला कळलं तेव्हा ती तर टाके दुखेपर्यंत हसली. तेव्हापासून ज्याला ज्याला सांगितलं, त्याने हेच ऐकवलं, की तिच्या जागी आपण असतो तर आपणही विचारलं असतं.

विचारा ना! विचारण्याबद्दल माझं भांडण नाही. पण काळजी होती, तर त्या सगळ्या गोंधळात पोरीला घोटभर पाणी कुणी दिलं? तिच्या उघड्या पायाचा पुरावा केला, त्याला लागलंय का हे एकाने तरी पाहिलं? माझी बायको याच रडणाऱ्या-ओरडणाऱ्या पोरीला सगळीकडे न्यायची. लोक तिला उठून जागा द्यायचे. मीही गोरा असतो, दाढी केलेली असती, नखं पांढरी असती, तर बाईंनी पोरीला ‘हे कोण’ म्हणून विचारलं असतं का? मला नाही वाटत.

पुढच्या सुट्टीला वहिनी म्हणाली, “मी येते सोबत, उगाच परत तमाशा नको.” मी नाही म्हटलं. दाढी न करता, मुद्दाम कामावरचाच शर्ट घालून, पोरीला घेऊन एकटा गेलो. येताना ती पुन्हा रडली. बसमधले एक आजोबा पुढे वाकून म्हणाले, “काय झालं हो पोरीला?”

“आईला सोडून आलोय,” मी म्हटलं. “आणि मी बाप आहे तिचा.”

एवढ्या मोठ्याने बोललो की कंडक्टरने वळून बघितलं. आजोबा गोंधळले. त्यांनी तेवढं विचारलंच नव्हतं.