सुतकातल्या घराची पाळी

ती घटना आजही आठवली की मला खुर्चीत नीट बसवत नाही. मालवणजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, दोन हजार सालानंतरची गोष्ट. पाऊस धो धो कोसळणारा हा मुलूख, पण माघ सरला की ओढे आटतात. म्हणून पावसाळा संपताच गावकरी ओढ्यावर धोंडे-मातीचा बांध घालतात, देवाला गाऱ्हाणं घालतात आणि पाटाचं पाणी पाळीपाळीने वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताला देतात.

त्या सकाळी वरच्या वाडीचे लोक कोयत्यांसकट ठाण्यात आले. पुढे पाळ्या ठरवणारा म्हातारा. बांध फोडला गेला होता आणि पाणी खाडीला मिळालं होतं. संशय खालच्या वाडीतल्या एका तरुणावर. त्याचा थोरला भाऊ नुकताच वारला होता. वहिनीचं शेत सुकत होतं आणि पाणी मिळालं नाही तर बांधही राहणार नाही, असं तो आदल्या दिवशी चारचौघांत बोलून बसला होता. त्याला आणवलं. पहाटे कुठे होतास, एवढंच विचारलं, तर पठ्ठ्या तोंड उघडेना. बाहेर दोन्ही वाड्या जमू लागल्या. आज इथे रक्त सांडणार, या धास्तीने मी येरझारा घालत होतो. शेवटी मागवलेला चहा तसाच टाकून, म्हाताऱ्याला सोबत घेऊन पंचनाम्याला निघालो.

फाटकात एका मासेवालीने वाट अडवली.

"त्याका कित्याक धरल्यात, सायबानू? सकाळी तो आमच्या वांगडा रापण ओढी होतो. सुतकातलो तो, सांगतलो कसो?"

सुतकातल्या माणसाने रापणीच्या जाळ्याला हात लावायचा नसतो. मासळी कमी लागली तर खापर त्याच्यावर फुटणार. कोठडी परवडली, पण ते नको, असा त्याचा हिशेब.

बांधावर पोचलो आणि थबकलो. काढलेले धोंडे काठावर ओळीने रचलेले, मातीची ढेकळं झावळीखाली ओली ठेवलेली. रागावलेला माणूस लाथ घालतो, रचत बसत नाही. ज्याने बांध उघडला त्याला तो परत घालायचा होता. शेजारी उभ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, तर तो माझी नजर टाळत होता. त्याला बाजूला घेऊन नुसतं बसवलं. दरडावलं नाही. तोच बोलू लागला.

"बांध मीच उघडलंय, सायब. सुतक म्हणान त्या पोराची वहिनी पाटाक शिवना आणि तिच्यासाठी कोण वळवीना. भाताक दाणो भरूचो टायम. तिच्या शेतात वायच सोडून बंद करतलंय होतंय, पण पाणी आवराक नाय."

पाळी मोडली असं वाडी म्हणेल, या भीतीने तोच तक्रार घेऊन सर्वांच्या पुढे आला होता. मला राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

मी दोन्ही वाड्यांना बांधावरच बोलावलं आणि त्याला ते सर्वांसमोर बोलायला लावलं. कोणी ओरडलं नाही. सुतकातल्या घराचं पाणी शेजाऱ्याने वळवायचं, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. दुसरा वळवील म्हणून प्रत्येक जण घरी बसला होता. कोयते खाली ठेवून लोक बांध परत घालायला पाण्यात उतरले.

पाणी साठायला वेळ लागला. वहिनीचं निम्मं भात दाणा न भरता पोल गेलं, उरलेलं कसंबसं वाचलं. बांध फोडल्याचा दोष म्हाताऱ्याचा, हे कागदावर आलं. त्या निम्म्या भाताचा दोष मात्र मला कोणाच्या नावावर लिहिता आला नाही.

त्यानंतर ठाण्यात कितीही मोठा जमाव आला, तरी मी आधी एकच विचारायचो: गावातलं कोण आलेलं नाही? त्या सकाळी दोन्ही वाड्या आल्या होत्या. जिचं शेत सुकत होतं, तीच तेवढी आली नव्हती.