आधी विचारणारा साडू

माझ्या साडूने आयुष्यात कुणालाही न विचारता एकच गोष्ट केली असावी, ती म्हणजे जन्म घेणं. तो संगणकाचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांच्याकडे म्हणे प्रोग्रॅम कुणी हाताने लिहीत नाही. कामकाजाचं चौकोन-बाणांचं चित्र काढायचं, की त्यावरून यंत्रच प्रोग्रॅम लिहून देतं. बाकीचे लोक चित्र काढून, प्रोग्रॅम बनवून मोकळे होतात आणि मग 'वापरायला कसं वाटतंय?' असं विचारतात. साडूला हे लग्न लागल्यावर मुलगी पाहायला जाण्यासारखं वाटतं. वापरणाऱ्याची सोय पहिल्या चौकोनाच्याही आधी विचारून घ्यावी, असं तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो. सगळे माना डोलावतात आणि चौकोन काढायला लागतात.

हे व्रत तो ऑफिसात ठेवून येत नाही. कर्जतला आमच्या घराला बेल बसवायची होती, तर हा सकाळभर दाराबाहेर उभा! येणाऱ्याचा हात आपोआप कुठे जातो ते त्याला पाहायचं होतं. दूधवाल्याला वाटलं, आम्ही रखवालदार ठेवला. बेल अखेर अशा जागी बसली, की सगळ्यांचा हात बरोबर तिथेच जातो, माझा सोडून. तक्रार केली तर म्हणाला, "तुम्ही घरातले. बेल तुमच्यासाठी नाहीच."

आमच्या सासूबाई खालापूरकडच्या गावात एकट्या राहतात. गेल्या वर्षी त्या अंगणात पडल्या आणि दोघी मुलींनी धोशा लावला, की आता शेलूला साडूच्या फ्लॅटवर राहायचं. "माझी भाताची खाचरं हायत, शेजार हाय. त्या खुराड्यात मी करू काय गं?" असं म्हणून सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. शेवटी साडूने तह घडवला. त्यांच्या मोबाइलवर तो एक बटण करून देईल. रोज सकाळी ते दाबलं, की आई ठीक आहे हे दोघींना कळेल. दिवाळीपर्यंत जमलं तर गाव, नाहीतर शेलू.

असलं बटण त्याच्या यंत्राने दुपारच्या चहाआधी केलं असतं. पण आधी विचारायला नको? साडू दर रविवारी गावी जाऊ लागला. एका रविवारी सासूबाईंना बटण मोठं हवं असायचं, दुसऱ्या रविवारी तेच मोठं बटण 'डोळ्यावर येतंय' असं व्हायचं. एकदा म्हणाल्या, "लावणीत हात चिखलाचे असत्यात. तवा कसं दाबू?" साडू हरखून परतला, चित्र पुन्हा कोरं. उरलेल्या शंका विचारायला तो रोज सकाळी त्यांना फोनही करायचा.

दिवाळी आली. "अहो, बटण कुठाय?" मेहुणी कडाडली.

"आईंच्या गरजा अजून कळतायत."

"मग आईची पिशवी भरते मी!"

मी म्हणालो, "अगं, रोज सकाळी आई ठीक आहेत हे तुला कळतंच आहे. हाच सांगतो ना?" शेलूचा विषय पुन्हा निघाला नाही.

परवाच्या रविवारी साडू तापाने आडवा झाला, म्हणून मला पाठवलं. सासूबाई माझ्या पाठीमागे, पार फाटकापर्यंत बघत राहिल्या. "धाकटे जावई नाय आले?"

"ताप आहे. बटणात अजून काय हवं, ते मला विचारून यायला सांगितलंय."

त्यांनी चहा दिला. "हाय एक. पण ते त्यांनाच सांगीन."

निघालो तेव्हा त्या फाटकाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, एवढ्यात संपायचं नाय ना हे काम?"