सहा वर्षांची मोहफुले

साहेबांनी अर्ज टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला. "लिहिणारे तुम्हीच ना? वाचा."

मी वाचले. 'सदर मोहफुले सहा वर्षांपूर्वीची असून जुनी व जीर्ण झालेली आहेत. तरी त्यांचे लाडू प्रदर्शनात विकण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'

"जीर्ण माल लोकांना खाऊ घालता? पाच वाजता यादी बंद होते. यांचं नाव येणार नाही."

शेजारी शेवंताबाई उभ्या होत्या; अर्ज द्यायला मी त्यांच्यासोबत जिल्ह्याच्या कचेरीत आलो होतो. जिल्ह्याच्या प्रदर्शनातील स्टॉलसाठी त्यांचा बचत गट वर्षभर खपत होता.

मी लाखांदूरला तिथल्या कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या मसुद्यात आजवर कोणी खोट काढली नव्हती. पडक्या घराच्या अर्जात 'जुने' लिहिले की पुढे 'व जीर्ण' लिहावेच लागते. येथेही हात सवयीने पुढे गेला. सहीपूर्वी बाई म्हणाल्या होत्या, "वाचून दाखवा न, भाऊ." मी म्हणालो होतो, "बाई, वीस वर्षे हेच करतो. सही करा."

आता त्या सरळ सांगू शकत होत्या की चूक माझी. त्या म्हणाल्या, "भाऊले बोलू नका, साहेब. मीच जुने मोह, जुने मोह मनून रायली होती." आणि पिशवीतून नमुन्याचे मडके काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"हे खरंच सहा वर्षांचं?"

"नात झाली त्या सालचे. ते आता पह्यलीत जाते."

चैत्रात पडलेली फुले मुठीत खुळखुळेपर्यंत कडक उन्हात वाळवतात, मडक्यात भरतात आणि तोंड मातीने लिंपतात. ओल शिरली नाही तर कीड लागत नाही. खाताना भाजून, तिळासोबत कुटून लाडू वळतात.

बाईंनी लिंपण फोडले. मनुक्यांसारखा गोड वास खोलीभर पसरला. त्यांनी आधी स्वतः चार फुले खाल्ली. "कायले भेता, साहेब? घ्या."

साहेबांनी एक घेतले. थोडे थांबून दुसरे घेतले. मग माझ्याकडे पेन सरकवला. "तो शब्द खोडा."

मी 'जुनी व जीर्ण झालेली' खोडून 'सुस्थितीत' असे लिहिले. या वेळी सबंध अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. दुरुस्तीवर बाईंनी सही केली. पाचच्या आत नाव यादीत चढले. प्रदर्शनात लाडू दुसऱ्याच दिवशी संपले.

माझी वीस वर्षांची पत त्या बाईने एका वाक्यात वाचवली. ते ऋण मी मानतो. तेव्हापासून अर्ज वाचून दाखवल्याशिवाय सही घेत नाही. त्यास तीन मिनिटे लागतात.

त्या दिवशी परतीच्या एसटीत त्यांनी मूठभर मोहफुले माझ्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत भरली होती. "ठेवा, भाऊ. जीर्न झाले का सांगजा."

दोन वर्षे होत आली. अद्याप कळवण्यासारखे काही नाही.