आवाज कोठी अडकला?

माझ्या मामेसासऱ्यांइतका कानांनी जगणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा निघायचा नाही. तुम्ही-आम्ही आधी बघतो आणि मग ऐकतो. राळेगावचे हे गृहस्थ आधी ऐकतात आणि मग गरज वाटलीच तर बघतात. टरबूज घेताना टिचकी सगळेच मारतात. मामा विटांना मारतात, माठांना मारतात, आणि भाच्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे खाता खाता त्या घरच्या भिंतीलाही मारून आले. "पोरगी चांगली आहे, भित पोकय आहे," असा निकाल त्यांनी परतीच्या वाटेवर दिला. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीच्यांनी मला नोकरी विचारली, शेती विचारली, दारू पितो का विचारलं. मामा कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "जवाईबापू, जरासे हासून दाखवा बरं." मी कसंनुसं हसलो. मामांनी डोळे मिटून ते ऐकलं आणि म्हणाले, "हासणं मोकळं आहे. द्या पोरगी." माझ्या संसाराचा पाया असा घातला गेला आहे.

अंगणात खुर्ची टाकून बसले की रस्त्यावरून जाणारी एसटी मारेगावची की वर्ध्याची, हे ते न बघता सांगतात. चुकले तर चूक त्यांची नसते. "डायवर नवा दिसते," म्हणतात. लग्नाच्या मांडवात गेले की आहेर देण्याआधी ते दोन भोंग्यांच्या बरोबर मधली जागा शोधतात, तिथं आधीच बसलेल्या पाहुण्यांना गोड बोलून उठवतात आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत हलत नाहीत. एका वरातीत डीजेवाल्या पोराला थांबवून त्यांनी समजावलं होतं, "बापू, तुहा आवाज मोठा आहे, चांगला नाही." पोरगा म्हणाला, "काका, बाजूला व्हा, गाडी पुढे घेऊन राह्यलो." मामा बाजूला झाले, पण पुढं आठवडाभर त्या पोराच्या कानांची काळजी करत होते.

वायर ही वस्तू त्यांनी जन्मात कधी फेकलेली नाही. कापसाच्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते, तरी पलंगाखालची वायरींची पेटी मामीला हलवता येत नाही. कोणती वायर कशाची हे ओळखू यावं म्हणून प्रत्येकीच्या टोकाला मामीच्या पाकिटातली एकेक टिकली चिकटवलेली. उजव्या बाजूची लाल, डाव्या बाजूची मरून. हा फरक मामांनाही दिसत नाही, त्यामुळे निम्मा वेळ टिकल्या उजेडाकडे धरण्यात जातो. मामी म्हणते, "माह्या कपायाले टिकली नाही, अन् यायच्या वायरी सवाष्णी होऊन राह्यल्या."

मामांनी होम थिएटर घेतलं ते मात्र हौसेसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. गेल्या काही वर्षांत मामीला ऐकू कमी येऊ लागलं होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी कानात लावायचं यंत्र दिलं. मामी ते बाजारात जाताना लावते आणि घरी आल्या आल्या डबीत ठेवते. "त्याच्यात माणसं कमी अन् कढया जास्त ऐकू येते," ही तिची तक्रार. त्यातच जुना पोटवाला टीव्ही जाऊन भिंतीवरचा पातळ टीव्ही आला. त्याचे स्पीकर मागच्या बाजूला. मामांनी पहिल्याच संध्याकाळी त्याला कान लावला आणि उठून सांगितलं, "याचा आवाज भितीले ऐकू येते, माणसाले नाही." मामी मालिका नुसती बघायची आणि कोण कोणाला काय बोललं ते स्वतःच ठरवायची. मामांना ते बघवेना. यवतमाळला जाऊन त्यांनी मोठा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा आणला, चार कोपऱ्यांचे चार स्पीकर आणि ढोल-ताशाची थाप घुमवणारा, जमिनीवर ठेवायचा एक दणकट खोका आणला. जोडायला माणूस येईल असं दुकानदार म्हणाला, तर मामांनीच नकार दिला. "माह्या घरातला आवाज दुसरा काहून जोडीन?"

टीव्ही जोडला गेला. पण मामांना खरी जोडायची होती ती डिस्क. त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओची. त्यांच्या घराण्यात मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकायची नसतात; त्या वेळी ती मागच्या अंगणात तुळशीपाशी बसून राहते. मामीही बसली होती. आणि त्याच वेळी इकडे मांडवात मामांनी स्वतः एक कडवं म्हटलं होतं, ज्याचा सराव त्यांनी तुरीच्या वावरात उभं राहून केला होता. ते कडवं साऱ्या गावानं ऐकलं, मामीनं ऐकलं नाही. पुढं डिस्क आली तेव्हा घरात पाहुणे, मग बाळंतपण, मग टीव्हीच बिघडला, आणि निवांतपणा आला तोवर मामीच्या कानांनी रजा घेतली होती. "तिनं एकदा नीट ऐकावं, बस," असं मामा मला फोनवर म्हणाले आणि मग लगेच आवाज बदलून, "येता काय रविवारी? तुमच्या घरीबी असाच डबा आहे ना?"

मी आणि बायको रविवारी सकाळी पोचलो. हॉलच्या मधोमध मामा पालथे पडून रिसीव्हरच्या मागं बघत होते. डिस्कच्या जुन्या प्लेअरच्या लाल-पांढऱ्या जोडीतलं एक भोक सैल झालं होतं, त्यामुळे एकाच बाजूनं आवाज यायचा आणि अर्धा आवाज मामांना चालणं शक्य नव्हतं. मग दुकानदारानं त्यांना एक बारीक काळी वायर दिली होती. "यातून म्हणे वीज नाही जात, उजेड जाते," मामा मला सांगत होते, "अन् आवाज त्या उजेडावर बसून जाते." त्यांचा चेहरा नातू झाल्याची बातमी सांगतानाही इतका उजळला नव्हता. भर दुपारी त्यांनी हॉलच्या खिडक्या लावायला लावल्या, पडदे ओढले, वायरीचं एक टोक प्लेअरमध्ये खोचलं आणि दुसरं तळहातासमोर धरलं. तळहातावर लाल ठिपका उमटला. "पाहा, बापा, पाहा! आवाज लाल आहे!" माझी बायको पाहून गेली, शेजारचे तात्या पाहून गेले, मामीला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवण्यात आलं. ती म्हणाली, "दिसते त चांगला, ऐकू कधी येईन?"

ते मात्र जमेना. पडद्यावर मांडव होता, अक्षता पडत होत्या, वाजंत्री गाल फुगवून वाजवत होते आणि स्पीकर गप्प. मामांनी वायर काढली, फुंकली, पुसली, परत लावली. मी माहितीपुस्तक मागितलं. ते पोथीसारखं कापडात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवलेलं होतं आणि त्यातलं एकही पान त्यांनी उघडलेलं नव्हतं. "आवाज निघाला आहे, हे आपण पाह्यलं," ते खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले, "मंग कोठी अडकला?" आवाज लाजत असेल तर त्याला वाट मोकळी करून द्यावी म्हणून त्यांनी आवाजाचं बटण फिरवत फिरवत पार शेवटपर्यंत नेलं. तरी शांतता. शेवटी दमून ते म्हणाले, "चाला, जेवून घेऊ," आणि आम्ही आत पाटावर बसलो.

मामी वाढायला येण्याआधी हॉलमधला पसारा आवरायला गेली. डब्यावर धूळ दिसली म्हणून तिनं पदरानं तो पुसला, आणि पुसता पुसता डावीकडचं मोठं गोल बटण जरासं फिरलं.

त्यानंतर जे झालं ते राळेगाव अजून विसरलेलं नाही. सनई, ताशा आणि दोनशे माणसांचा कल्ला एकदम घरातून फुटून बाहेर पडला. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. माझ्या हातातली भाकर ताटात पडली. गल्लीतली कुत्री आधी पळाली आणि मग भुंकली. शेजारचे तात्या बनियनवरच धावत आले, "कोणाचं लग्न आहे बे?" मी हॉलमध्ये धावलो आणि आवाज कमी करताना उलगडा झाला. मागच्या ज्या भोकात वायर खोचली होती त्यावर टीव्ही लिहिलेलं होतं आणि पुढच्या त्या गोल बटणावर मामा सकाळपासून डिस्क निवडून बसले होते. मामीच्या पदरानं ते बटण नेमकं टीव्हीवर आणून ठेवलं. मामांना ते पटलंच नाही. "डिस्क घातली त डिस्कच लावीन ना! टीव्ही कायले लावू?"

पण मामीनं हात वर करून आम्हा दोघांना गप्प केलं. पडद्यावर तेव्हाचे मामा फेटा सावरत उभे राहिले होते. कडवं सुरू झालं. आवाज जाड होता, थोडा बेसूर होता, पण चारी कोपऱ्यांतून येत होता आणि मामी कान न लावता, उभ्या जागी ऐकत होती. शेवटच्या ओळीवर मामांचा आवाज अचानक तुटला. क्षणभर नुसता मांडव ऐकू आला. मग गुरुजींनी ती ओळ उचलून पुरी केली आणि अक्षता उधळल्या गेल्या.

"तुमी रडले होते?" मामीनं विचारलं.

"घसा बसला होता. वावरात वारा होता."

"मले त लोकायनं सांगतलं, लय चांगलं म्हटलं म्हणून."

"चांगलंच म्हटलं. अर्धं," मामा म्हणाले आणि ताटावर जाऊन बसले. मामीनं त्या दिवशी त्यांना न विचारता दुसऱ्यांदा वरण वाढलं.

या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. मामीचं ऐकणं आणखी उतरलं आहे; आता कोपऱ्यांतले स्पीकरही तिला पुरत नाहीत. दुपारची वेळ होती, टीव्हीवर कुठलं तरी कीर्तन लागलं होतं, आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच हळू. मामी जमिनीवरच्या त्या दणकट खोक्याला टेकून बसली होती. तिचा तळहात त्याच्यावर सपाट ठेवलेला होता आणि मृदंगाच्या थापेबरोबर तिची मान हलत होती. मामा बाजूलाच बसले होते. साऱ्या जन्मात पहिल्यांदा मी त्यांना काहीही न ऐकता नुसतं बघताना पाहिलं. ते तिच्या मानेकडे बघत होते. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून मला चटईवर जागा करून दिली.